सामान बांधण्याआधी



दोन महिन्यांच्या खंडानंतर हे सदर पुन्हा सुरू होत आहे. अल्लाहच्या कृपेने आमचा हज अदा झाला. आम्ही दोघे नवरा-बायको आणि सत्तरी ओलांडलेल्या अम्मी असे तिघे नागपूरहून निघालो आणि चाळीस दिवसांनी सुखरूप परतलो. तेव्हापासून वर्ध्यातलेच नव्हे, तर हिंगणघाट, पुलगाव, आर्वीचे लोकही घरी येऊन विचारतात, ‘काय न्यावं? काय नेऊ नये? पाय दुखतात का? खर्च किती येतो?’ म्हणून या वेळी तेच लिहायचे ठरवले.

पण सुरुवात बॅगेपासून करता येत नाही. आमची तयारी सुरू झाली ती एका हिशेबापासून.

सेलू तालुक्यातला आमच्या शेताचा एक तुकडा समृद्धी महामार्गात गेला. अब्बा त्याआधीच अल्लाहला प्यारे झाले होते. त्यांच्यामागे आपांनी, म्हणजे आमच्या बहिणीने, हक्कसोडपत्रावर सही केली होती. सगळीकडे करतात तशीच. मोबदल्याची रक्कम आली ती दोघा भावांच्या खात्यात निम्मी-निम्मी. आमच्या वाट्याची रक्कम बँकेत ठेवली आणि मनाशी म्हटले, हा हजचा पैसा.

पुढे हजच्या तरबियती शिबिरात मौलाना साहेबांनी पहिला प्रश्न केला, ‘कुणाचं काही देणं आहे का? वारसाहक्काचं पण धरा.’ शिबिराहून घरी येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. रात्री कागद घेऊन बसलो. कुरआनच्या सूरह निसामध्ये वाटणी स्पष्ट दिलेली आहे. आमच्या घराचा हिशेब असा निघाला: एकूण ४० भाग केले, तर अम्मींचे ५, दोघा भावांचे १४-१४ आणि आपांचे ७. आमच्या खात्यात होते २० भाग. म्हणजे त्यातले ६ आमचे नव्हतेच. साडेतीन आपांचे आणि अडीच अम्मींचे.

आपांकडे पैसे घेऊन गेलो, तर त्यांनी हात मागे घेतला. म्हणाल्या, ‘मला पैसा नको, माझं माहेर राहू द्या.’ हे वाक्य आमच्या मनातून अजून जात नाही. हक्क घेतला की माहेर तुटते, हे आपण आपल्या लेकींना न बोलता शिकवले आहे. आम्ही म्हटले, ‘माहेर आहेच, हाही घ्या.’ तीन फेऱ्यांनंतर त्यांनी घेतले. भाईजानना आम्ही तोच कागद दाखवला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि विषय बदलला. त्यांच्याकडच्या भागाचे त्यांनी काय करायचे, ते त्यांच्यावर सोडले.

रक्कम कमी झाल्यामुळे आमचा हज एक वर्ष लांबला. अम्मी मात्र स्वतःच्या पैशांनी गेल्या, आमच्या पैशांनी नाही. निघताना त्या सगळ्या मोहल्ल्याला हे सांगत होत्या.

आता प्रवासाकडे वळू.

अर्ज आणि पैसा. अर्ज भारतीय हज कमिटीचा भरावा आणि त्यासोबतच्या सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचाव्यात. नियम दरवर्षी बदलतात. मागच्या वर्षीच्या हाजी साहेबांचे ऐकून चालत नाही, अगदी आमचेही नाही. पासपोर्टवरचे नाव आणि इतर कागदांवरचे नाव एकच आहे का, ते आधी तपासा. खर्च आम्हाला माणशी साडेतीन लाखांच्या घरात आला. तो एकदम नव्हे, हप्त्याहप्त्याने भरायचा असतो. सरकारी सबसिडी २०१८ पासून बंद आहे आणि आता रियालही आपले आपणच घ्यावे लागतात. एक रियाल आम्हाला साधारण २३ रुपयांना पडला. तिथे दुकानात प्रत्येक वस्तूला २३ ने गुणत बसलो, तर घशाखाली चहाही उतरणार नाही. तेव्हा निघण्यापूर्वीच रोजच्या खर्चाचा आकडा ठरवावा.

एजंट ‘व्हिजिट व्हिसावर हज करवून देतो’ म्हणाला, तर दारातूनच त्याला सलाम करावा. २०२४ च्या हजमध्ये मक्केचा पारा ५० अंशांच्या वर गेला. सौदी सरकारने १,३०१ मृत्यू जाहीर केले आणि त्यातले ८३ टक्के लोक हजच्या परवान्याशिवाय आलेले होते. त्यांना ना तंबू होता, ना बस. ते लांबच लांब उन्हात चालत राहिले.

पायांची तयारी. हज पायांनी होतो. सफा-मरवाच्या सात फेऱ्यांचेच तीन किलोमीटरच्या वर अंतर होते. तवाफ, मिना आणि जमरात ते वेगळेच. आम्ही तीन महिने आधीपासून फजरच्या नमाजनंतर सेवाग्रामच्या रस्त्याने चालायला लागलो. आधी अर्ध्यातून परतायचो, मग आठ किलोमीटर पूर्ण जायचो. ज्या चपला तिथे न्यायच्या, त्याच घालून चालावे. नव्या चपलांनी हजला गेलेल्यांचे पाय आम्ही तिथे पाहिले आहेत. एक कापडी पिशवी गळ्यात असू द्या आणि हरममध्ये शिरताना चपला तीत टाका. दाराशी ठेवलेली चपल परत मिळेल या भरवशावर राहू नका. आतला पांढरा संगमरवर उन्हातही गार लागतो, पण बाहेरचा डांबरी रस्ता अनवाणी पाय भाजून काढतो.

ऊन. आपण वर्धेकर म्हणतो, ‘आम्हाला काय उन्हाचं? इथं ४६ अंश असतंच.’ हा भ्रम आहे. ४६ अंशांत आपण घरात कूलरसमोर असतो. तिथे त्याच वेळी रस्त्यावर असतो. शिवाय घाम येतो आणि अंगावरच सुकतो, त्यामुळे पाणी कमी पडल्याचे कळतच नाही. तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे. एहराममध्ये पुरुषांना डोके झाकता येत नाही, पण छत्री चालते. पांढरी छत्री प्रत्येकाजवळ हवीच. ओआरएसची पाकिटे भरपूर घ्या. साखर किंवा रक्तदाबाच्या गोळ्या पूर्ण मुदतीच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, अर्ध्या हातातल्या पिशवीत आणि अर्ध्या मोठ्या बॅगेत ठेवाव्यात. मेंदूज्वराची लस सक्तीची आहे. लस घेतल्याचा कागद जपून ठेवा.

सामान. बायकांची खोली वेगळी आणि पुरुषांची वेगळी, अशी आमची सोय होती. आम्ही मात्र नवरा-बायकोचे कपडे एकाच बॅगेत भरलेले! पहिले चार दिवस रोज मजले चढउतार करण्यात गेले. प्रत्येकाची बॅग स्वतंत्र भरा. कव्हर नंबर, नाव आणि फोन नंबर बॅगेच्या दोन्ही बाजूंनी ठळक लिहा.

विदर्भातल्या भगिनींसाठी एक खास सूचना. आपला घरचा मसाला नेत असाल, तर त्यात खसखस आहे का ते पाहा. सौदी अरेबियात खसखशीवर बंदी आहे आणि ती सापडली तर प्रकरण अंगाशी येते. अम्मींनी रस्सा-मसाल्याचा डबा भरलेला होता. निघण्याच्या आदल्या रात्री तो शेजारणीला देऊन टाकला आणि बिनखसखशीचे तिखट नेले. तंबाखू, गुटखाही नको. भाजलेले पोहे, सत्तू, लिंबाचे लोणचे आणि शेंगदाण्याची चटणी मात्र फार उपयोगी पडते. हजच्या मुख्य दिवसांच्या आगेमागे अजीजियाहून हरमला जाणाऱ्या बसगाड्या बंद असतात आणि माणसे इमारतीतच अडकतात. त्या दिवसांत आमच्या मजल्यावर हीच चटणी पाच जिल्ह्यांच्या माणसांनी खाल्ली.

पहिली नजर. विमान जेद्दाहला उतरणार होते, म्हणून एहराम नागपुरातच बांधला. मीकात हवेतच ओलांडली जाते. सौदीचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे. त्यामुळे पहिल्या दिवशी झोप, जेवण, नमाज सगळ्याचा गोंधळ होतो. पोहोचल्याबरोबर धावत सुटू नका. आम्ही अम्मींना चार तास झोपू दिले आणि मगच उमरा करायला निघालो.

काबागृह समोर दिसले, तेव्हा काय वाटले हे आम्हाला लिहिता येणार नाही. घरून दुआंची यादी नेली होती, ती पिशवीतच राहिली. अम्मींनी फक्त अब्बांचे नाव घेतले आणि बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या.

वृद्धांसाठी तिथे व्हीलचेअर मिळते. आपण स्वतः ढकलणार असाल तर मोफतही मिळू शकते, माणूस लावला तर पैसे लागतात. तवाफ खालच्या मताफमध्ये केला तर फेरी लहान पडते. वरच्या मजल्यांवर गर्दी कमी, पण फेरी कितीतरी मोठी असते.

मिना. मिनामध्ये एक लाखाहून अधिक तंबू आहेत आणि सगळे सारखेच दिसतात. ८ जिलहिज्जच्या दुपारी अम्मी वजूसाठी गेल्या आणि परत आल्याच नाहीत. फोन त्यांच्या उशाशी होता. हातातल्या कड्यावर नंबर होता, पण तो वाचून पुढे काय करायचे, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. ती चूक आमची. दोन तास आम्ही त्या गल्ल्यांमधून फिरलो. ज्या हाकेला घरात सवयीने ‘येते’ असे उत्तर येते, ती हाक तिथे कुणापर्यंतच पोहोचत नव्हती.

आपांनी निघण्यापूर्वी आम्हा तिघांच्या पाठीवर शिवायला कापडाच्या पट्ट्या करून दिल्या होत्या. एका बाजूला इंग्रजीत नाव, देश आणि फोन नंबर, खाली मराठीत ‘वर्धा’. आम्हाला ते थोडे लाजिरवाणे वाटले होते. आमची पट्टी बॅगेतच राहिली होती, अम्मींनी मात्र लेकीची म्हणून लगेच शिवून घेतली. लातूरकडच्या एका हाजी साहेबांनी ती मराठी अक्षरे वाचली आणि विचारले, ‘मावशी, वर्ध्याच्या का?’ अम्मी म्हणतात, त्या वेळी त्यांना आपण वाचलो असे वाटले. त्यांनीच फोन लावला आणि भारतीय हाजींच्या मदत-तंबूपर्यंत त्यांना पोहोचवले.

म्हणून सांगतो: पट्टी शिवाच. तंबूजवळच्या खांबाचा नंबर फोटोत घ्या आणि कागदावरही लिहा. फोन गळ्यात अडकवा. चुकलो तर कुठे थांबायचे, हे आधी ठरवा. आणि वडीलधाऱ्यांना हे सगळे एकदा तोंडपाठ म्हणायला लावा.

अरफात, मुजदलफा आणि जमरात यांविषयी लिहायला वेगळा लेख लागेल. एवढेच सांगतो, की मुजदलफाची रात्र उघड्या आभाळाखाली असते. एक हलकी चटई, पाण्याची बाटली आणि खड्यांची छोटी थैली पुरे. जमरातला गर्दीची वेळ टाळा. तंबूतल्या जबाबदार माणसाने दिलेली वेळ पाळा.

मदीना. मदीनेत शरीर आणि मन दोन्ही शांत होतात. मस्जिदे नबवीतल्या रियाजुल जन्नतसाठी नुसुक ॲपवर आधी वेळ घ्यावी लागते. घरातल्या तरुण मुलाकडून ते ॲप निघण्यापूर्वीच शिकून घ्या. खजुराची खरेदी इथेच करावी. जाएनमाज आणि तसबीहच्या ढिगावर पैसे घालवू नयेत. नातेवाइकांना खजूर आणि जमजमचा घोट पुरतो. जमजम माणशी पाच लिटर मिळते, ते बॅगेत भरून आणता येत नाही.

पूर्वी मुंबईहून हाजींची जहाजे जात. ती १९९५ मध्ये थांबली. जहाजाने गेलेल्या बुजुर्गांकडून आम्ही ऐकले आहे, की निघताना ते गावभर फिरून कहा-सुना माफ करवून घेत, कारण परत येण्याचा भरवसा नसे. आता आपण काही तासांत पोहोचतो आणि माफी व्हॉट्सॲपवर मागतो, एकाच मेसेजमध्ये दोनशे लोकांकडे. ज्याच्याशी खरोखर बिनसले आहे, तो त्या दोनशेंतला एक असतो. त्याच्या दारात मात्र पायीच जावे लागते.

परतलो तेव्हा नागपूर विमानतळावर आपा आणि भाईजान दोघेही आले होते. भाईजाननी अम्मींची बॅग उचलली, गाडीत ठेवली आणि वर्ध्यापर्यंत हजच्याच गोष्टी विचारत राहिले. त्या कागदाबद्दल ते काही बोलले नाहीत, आम्हीही नाही. आपा मागच्या सीटवर अम्मींचा हात धरून बसल्या होत्या.

ज्या वाचकांच्या घरात पुढच्या वर्षीचा अर्ज भरला जाणार आहे, त्यांना आमची एकच विनंती आहे. बॅग शेवटच्या आठवड्यातही भरता येते. हिशेबाला मात्र वेळ लागतो, तो आजच काढायला घ्या. अल्लाह सर्वांना हजची संधी देवो आणि आमच्या भाईजानसाठीही दुआ करावी. आमीन.