कोलेस्टेरॉलची गोळी : घ्यावी की न घ्यावी?

आपल्या बाजारात सुताच्या भावाइतकीच चर्चा आजकाल कोलेस्टेरॉलच्या गोळीची होते. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाने कुठल्या शिबिरात रक्त तपासले आणि रिपोर्टवर एखादा आकडा जाड अक्षरात आला, की दुपारच्या चहाला पेढीवर बसलेले चौघे चार सल्ले देतात. एक म्हणतो, ताबडतोब सुरू करा. दुसरा म्हणतो, एकदा सुरू केली की सवय लागते, आयुष्यभर सुटत नाही. तिसरा म्हणतो, हा सगळा औषध कंपन्यांचा धंदा. चौथा लसणाचा नुस्खा सांगतो. ज्याचा रिपोर्ट आहे तो बिचारा चौघांचे ऐकून गोंधळतो आणि कागद गल्ल्यात टाकून मोकळा होतो.

मी डॉक्टर नाही. तीस वर्षे कापडाचा व्यापार करतो, शाळा उर्दू माध्यमातली. पण हा प्रश्न औषधाचा आहे तितकाच हिशेबाचाही आहे, आणि हिशेब आपल्याला कळतो. म्हणून व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे काही गोष्टी मांडतो.

सर्वांत आधी हे लक्षात घ्यावे की गोळीचा निर्णय कोलेस्टेरॉलच्या एका आकड्यावर होत नाही. उधारी देताना आपण फक्त गिऱ्हाईकाची ऑर्डर पाहतो काय? त्याची बाजारातली पत, जुनी बाकी, घरची परिस्थिती, सगळे पाहतो. इथेही तसेच आहे. वय, रक्तदाब, साखर, विडी-सिगारेट-तंबाखू, आणि वडील किंवा भाऊ यांना पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला होता का, हे सर्व एकत्र धरून पुढील दहा वर्षांत झटक्याचा धोका किती, हे डॉक्टर काढतात. औषधाचा निर्णय त्या धोक्यावर होतो.

या हिशेबात काही जणांसाठी वादाला जागाच नाही. ज्याला झटका येऊन गेला, ज्याला स्टेंट बसला, बायपास झाली किंवा मेंदूचा रक्तपुरवठा तुटून पक्षाघात झाला, त्याने गोळी घ्यावी की नाही याची चर्चा चहावर करू नये. एलडीएल, म्हणजे रक्तवाहिनीत साचणारे कोलेस्टेरॉल, १९० किंवा त्याहून जास्त असेल तर तेच. चाळिशीपुढचा मधुमेही असेल तरी बहुतेक डॉक्टर गोळी देतातच. खरा प्रश्न उरतो तो या तिन्हींत न बसणाऱ्या माणसाचा.

ही गोळी आहे तरी काय? शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल आपले यकृतच तयार करते. ते काम मंदावणारे द्रव्य अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाने १९७३ साली शोधले. त्यांनी सहा हजारांवर बुरशींचे नमुने तपासले. ज्या बुरशीत ते द्रव्य सापडले ती क्योटो शहरातल्या एका धान्याच्या दुकानातील तांदळावरची होती. स्टॅटिन जातीच्या औषधांची सुरुवात तिथून झाली. अमेरिकेत पहिली अशी गोळी १९८७ साली बाजारात आली. आज आपल्याकडे बहुतेकांना अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन लिहून देतात.

आता फायद्याचा हिशेब. दुकानावर '३० टक्के सूट' अशी पाटी दिसली की जाणकार गिऱ्हाईक आधी विचारते, किती रुपयांवर? औषधाच्या फायद्याबद्दलही हाच प्रश्न विचारावा. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरोग्यांवरचा मोठा प्रयोग जाहीर झाला. साधारण साडेपाच वर्षांत नुसती नकली गोळी घेणाऱ्या शंभरांतले सुमारे साडेअकरा दगावले, खरी गोळी घेणाऱ्यांतले सुमारे आठ. ही झाली ३० टक्के सूट. म्हणजे शंभरांमागे तीन-साडेतीन जीव वाचले. पुढच्या वर्षी स्कॉटलंडमधील ६,५९५ पुरुषांचा अहवाल आला. त्यांचे कोलेस्टेरॉल बरेच वाढलेले होते, पण झटका कधी आला नव्हता. पाच वर्षांत हृदयविकाराच्या घटना शंभरांत सुमारे आठवरून साडेपाचवर आल्या. सूट ३१ टक्के, पण वाचले शंभरांत अडीच.

यावरून उघड होते की सूट जवळजवळ तीच राहते, मात्र मूळ धोका जितका मोठा तितका फायदा मोठा. समजा एकाचा दहा वर्षांतला धोका शंभरांत २० आहे आणि गोळीने तो चौथाईने घटला, तर पाच वाचतात. दुसऱ्याचा धोका शंभरांत ४ असेल तर वाचतो एक. दोघांची गोळी एक, किंमत एक, पण सौदा वेगळा.

माझ्याच बाबतीत सांगतो. वय छप्पन्न, एलडीएल १५२, साखर नाही, पण रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि थोरल्या भावाला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झटका आला. डॉक्टरांशी बोलून मी गोळी सुरू केली. शेजारचे दुकानदार माझ्याच वयाचे. एलडीएल १३५, रक्तदाब-साखर ठीक, व्यसन नाही, घराण्यात हृदयविकार नाही. त्यांना डॉक्टरांनी सहा महिने चालणे आणि परहेज सांगून पुन्हा तपासायला बोलावले. माझ्या मते दोघांचेही निर्णय बरोबर आहेत. 'त्याने घेतली म्हणून मी घेतो' किंवा 'त्याला दिली नाही, मग मला कशाला' हे दोन्ही चूक.

आपल्या लोकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१८ साली ज्या सूचना काढल्या, त्यांत दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून धरला आहे. म्हणून कोष्टकात धोका मधोमध निघाला तर आपण तो थोडा जास्तच धरावा.

आता आक्षेप पाहू. पहिला आक्षेप सवयीचा. ही गोळी नशेची नाही. बंद केली तर यकृत पूर्वीसारखे काम करू लागते आणि आकडा पुन्हा वर जातो, एवढेच. मात्र म्हणूनच रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणे यासारखे नुकसानीचे काम नाही. आपल्या बाजारात हे सर्रास चालते. पट्टा काढला की माग थांबतो, तसेच हे आहे. तो नॉर्मल आकडा गोळीमुळेच आलेला असतो. झटका येऊन गेलेल्या माणसाने असे करणे म्हणजे जीव धोक्यात घालणे.

दुसरा आक्षेप कंपन्यांच्या धंद्याचा. कंपन्यांनी या औषधांवर अफाट पैसा कमावला हे खरे आहे. पण या जुन्या गोळ्यांचे पेटंट केव्हाच संपले. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, जनऔषधी दुकानात मिळते, आणि जेनेरिक घेतली तर रोजच्या एका चहाच्या पैशात बसते. डॉक्टरांना जेनेरिकबद्दल विचारायला लाजू नये. आपण सुताचे दोन भाव काढल्याशिवाय खरेदी करत नाही, मग इथे संकोच कसला?

तिसरा आक्षेप दुष्परिणामांचा, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. स्नायूंना इजा होते, पण गंभीर इजा फार क्वचित. याच जातीचे सेरिव्हास्टॅटिन हे औषध याच कारणाने २००१ साली जगभरातून मागे घेण्यात आले. ज्यांची साखर आधीच काठावर आहे, त्यांना मधुमेह थोडा लवकर होऊ शकतो. हे दोन्ही मान्य करावे. पण पाय दुखले की गोळीच कारण, असेही नाही. २०२० साली लंडनमधील एका प्रयोगाचे निकाल आले. त्रास होतो म्हणून गोळी सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने नकली गोळी आणि काही महिने रिकामी बाटली दिली. खऱ्या गोळीने जितका त्रास झाला, त्याचा नव्वद टक्के नकली गोळीनेही झाला. त्रास खोटा नव्हता, पण बहुतांशी तो औषधाचा नव्हता. नंतर त्यांतल्या निम्म्यांनी पुन्हा गोळी सुरू केली. तेव्हा त्रास झाला तर गुपचूप बंद करू नये. डॉक्टरांना सांगावे. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते. अंग फार दुखून लघवी चहासारखी गडद झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

हकीमसाहेबांचा इलाज चालू असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नये आणि गोळी हकीमसाहेबांपासून लपवू नये. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या काही अँटिबायोटिकबरोबर यातल्या काही गोळ्या चालत नाहीत. खोकल्या-तापाला दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तरी चालू औषधांची चिठ्ठी खिशात असावी. गरोदर स्त्रीला ही गोळी सहसा देत नाहीत, हेही घरात माहीत असावे.

रमजानचा प्रश्न बरेच जण विचारतात. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दिवसातून एकदाच आणि कोणत्याही ठराविक वेळी घेता येतात. इफ्तारनंतर घ्या, सहरीला घ्या, रोज्याला अडचण येत नाही. महिनाभर गोळी बंद ठेवण्याचे काही कारण नाही.

गोळी म्हणजे नाश्त्याला नहारी आणि रात्री तळलेले खाण्याचा परवाना नव्हे. तंबाखू सोडणे, रोज अर्धा तास चालणे, तेल-डालडा कमी करणे हे गोळी घेणाऱ्यालाही आहे आणि न घेणाऱ्यालाही आहे. गोदामाचा विमा काढला म्हणून कोणी गाठींशेजारी विडी ओढत नाही.

शेवटी कारखानदार बंधूंना एक विनंती. आपण रिपोर्ट घेऊन डॉक्टरांपुढे बसतो तरी. बारा तास मागावर उभा राहून विडीवर दिवस काढणाऱ्या कारागिराचा रक्तदाब कोण मोजतो? तो पन्नाशीला कोसळतो तेव्हा आपण मय्यतीला जातो, घरच्यांना काही रक्कम देतो. त्यापेक्षा वर्षातून एकदा चाळिशीपुढच्या प्रत्येक कारागिराचा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. एका बिमावरचे सूत खराब निघाले तर जितके नुकसान होते, त्यापुढे हा खर्च काहीच नाही.

आणि ज्याच्या हातात रिपोर्ट आहे त्याने डॉक्टरांना चारच प्रश्न विचारावेत. माझा दहा वर्षांतला धोका शंभरांत किती? गोळीने तो किती होईल? माझ्या चालू औषधांबरोबर ही गोळी चालेल काय? सुरू केल्यावर पुन्हा तपासणी केव्हा? उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत, घरी बायको-मुलांसमोर वाचावीत आणि मग निर्णय घ्यावा. तो 'घेतो' असा असो वा 'आत्ता नको' असा, हिशेब करून घेतलेला असावा. रिपोर्ट गल्ल्यात पडून राहिला तर तो निर्णय नव्हे.