अडुळशावरील विश्वास आणि औषधाची कसोटी

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याचे औषध घेतलेली वीसहून अधिक बालके दगावली. त्या औषधात डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी द्रवाचे प्रमाण ४८ टक्क्यांहून अधिक आढळले; मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का! महाराष्ट्रालाही हे विष अपरिचित नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचे प्राण गेले आणि लेंटिन आयोगाने औषध-प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली.

अशा घटनांनंतर आईबापांचे मन ‘त्यापेक्षा आपला अडुळसा बरा’ या विचाराकडे वळावे, हे स्वाभाविकच होय. पाने निखाऱ्यावर गरम करून पिळलेला रस मधातून देण्याची रीत घरोघरी परिचित आहे. आयुर्वेदाने वासा म्हणजेच अडुळसा कास, श्वास व रक्तपित्त या विकारांवर सांगितला. १८८८ मध्ये हूपर यांनी त्याच्या पानांतून ‘व्हॅसिसिन’ हे अल्कलॉइड वेगळे केले. पुढे त्याच्याच रचनेवरून ब्रोमहेक्झीन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले, आणि अँब्रॉक्सॉल हे त्याचेच शरीरात होणारे रूपांतर. म्हणजे परंपरेच्या या विश्वासामागे तथ्य होते, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु ज्या वनस्पतीत गुण करण्याचे सामर्थ्य असते, तिच्यात अपाय करण्याचेही सामर्थ्य असू शकते. व्हॅसिसिन श्वासनलिकांवर परिणाम करते, तसेच ते गर्भाशयाचे आकुंचनही घडवते, असे प्रायोगिक संशोधनात आढळले. म्हणूनच गर्भवतीने अडुळसा वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये. एक वर्षाखालील बालकाला मध देणेही धोक्याचे आहे; त्यातून बोट्युलिझम हा घातक विकार होऊ शकतो. बाजारातील गोड पाकाच्या बाटलीतली साखर मधुमेही रुग्णाला बाधते, ती निराळीच.

दम्याच्या बाबतीत तर भ्रमाला जागाच नाही. दम्यात श्वासनलिकांना सूज असते. ती आटोक्यात ठेवण्यासाठी श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड हा उपचाराचा कणा आहे. व्हॅसिसिनपासून स्फूर्ती घेऊन एक औषध तयार झाले, म्हणून पाल्याचा रस दम्यावर सिद्ध ठरला, असा निष्कर्ष काढणे तर्कशुद्ध नव्हे. रसावर विसंबून इनहेलर बाजूला ठेवणारा रुग्ण जिवाशी खेळत असतो. धाप लागून बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर काढ्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

येथेच शासनाचे कर्तव्य सुरू होते. १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदीय औषधेही १९४० च्या औषध कायद्याच्या कक्षेत आली. मान्य ग्रंथांतील कल्पांना परवाना देताना मात्र सुरक्षिततेच्या नव्या चाचण्यांचा आग्रह धरला जात नाही. दीर्घ वापर हाच पुरावा समजला जातो. तो वापर घरच्या ताज्या रसाचा व वैद्याने ठरवलेल्या मात्रेचा होता. कारखान्यात भरलेल्या बाटलीला तेवढे पुरेसे नाही. छिंदवाड्यात घात झाला तो बाटलीत सापडलेल्या विषारी द्रवाने. बाटलीवर पानाचे चित्र असले म्हणून आतील द्रवाच्या तपासणीतून तिला सूट मिळू नये.

प्रत्येक बाटलीवर व्हॅसिसिनचे प्रमाण, वयानुसार मात्रा आणि गर्भवतींसाठी ठळक इशारा मराठीतही छापावा. उत्पादनाच्या प्रत्येक खेपेची तपासणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष जनतेला खुले असावेत. ही कसोटी लावण्यात अडुळशाचा अवमान नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या झुडपावर माणसांनी विश्वास टाकला, त्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटलीने तो विश्वास सार्थ करून दाखवावा, एवढीच ही अपेक्षा आहे.