शोषखड्डा तुंबला, दोष कुणाचा?

भांडगाव असो की दौंड-शिरूरमधलं दुसरं कुठलं गाव, वस्तीतल्या शोषखड्ड्यातून काळं पाणी वर आलं की पहिला शेरा ठरलेला: "यांना स्वच्छता कळतच नाही." बंधू-भगिनींनो, हा शेरा मुकाट्याने ऐकून घेऊ नका. खड्डा का तुंबतो, ते आधी समजून घ्या.

मोरीच्या पाण्याबरोबर खरकटं, तेल, साबण आणि माती खड्ड्यात जाते. दगड-विटांमधल्या फटी भरतात. खड्डा सतत भरलेला राहिला की मातीला हवा मिळत नाही. तिच्यावर जिवाणूंचा काळा, चिकट थर बसतो आणि पाणी मुरणं थांबतं. काळी माती तर ओली होताच फुगते आणि पाणी अडवते. म्हणून अशा जमिनीत मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागतं. वरवर खणून बिल काढलेला खड्डा तुंबणारच. त्यात वस्तीचा दोष नाही.

घरात आपण एवढं करू शकतो: भांडी धुण्याआधी खरकटं वेगळं काढावं, मोरीला जाळी बसवावी, खड्ड्याआधी लहान कुंडी ठेवून तिच्यातला गाळ दर आठवड्याला काढावा. शौचालयाचं पाणी या खड्ड्यात सोडू नये. जागा असेल तर दोन खड्डे आलटून पालटून वापरावेत. विसावा मिळालेल्या खड्ड्यातला थर वाळतो, माती पुन्हा पाणी पिते.

नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी गाव अशा शोषखड्ड्यांमुळे डासमुक्तीसाठी गाजलं. साचलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतो आणि हत्तीरोग पसरवतो. म्हणजे हा प्रश्न नुसत्या दुर्गंधीचा नाही.

पण सार्वजनिक खड्ड्याची देखभाल ग्रामपंचायतीचीच. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी ग्रामपंचायतींच्या निधीतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला. आपल्या वस्तीवर त्यातलं किती खर्च झालं, हे ग्रामसभेत विचारा.

आणि एक गोष्ट पक्की ठरवा. तुंबलेल्या टाकीत आपला कुणीही पोरगा उतरणार नाही. आतला विषारी वायू क्षणात जीव घेतो. सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवून अशी धोकादायक सफाई करून घेणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. ते काम यंत्राचं आहे.

1927 साली महाडला बाबासाहेबांनी पाणी घेण्याचा हक्क बजावला. वापरलेलं पाणी दारातून नीट वाहून जाणं, हाही त्याच माणुसकीचा हक्क आहे. जय भीम!