रंजक पेटली, बार नाही

गेल्या ऑक्टोबरात ओहायोतल्या एका शेताच्या कडेला, पंचवीस-तीस म्हाताऱ्यांसमोर माझी फजिती झाली. हातात चकमकीची, तोंडाकडून भरायची लांब रायफल होती. समोर पन्नास यार्डांवर कागदाचं लक्ष्य. चाप ओढला. घोड्यातली गारगोटी पोलादावर घासली, ठिणग्या पडल्या, कडेच्या वाटीतली चिमूटभर दारू भस्सकन पेटली, धूर डोळ्यांत गेला. आणि पुढे काहीच नाही. नळी गप्प.

नियमाप्रमाणे मी बंदूक लक्ष्याकडेच रोखून एक मिनिटभर उभा राहिलो. कधीकधी बार उशिरा उडतो. तोही उडाला नाही. शेजारचे काका जवळ आले. आयुष्यभर कारखान्यात डाय बनवून निवृत्त झालेला हा माणूस. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दारू घातली होतीस का?" घातली नव्हती. तेलकट चिंदीत गुंडाळून शिशाची गोळी मात्र अगदी तळापर्यंत ठासली होती. मग टोकाला स्क्रू असलेल्या गजाने ती गोळी उपसून काढण्यात पाऊण तास गेला. सगळे हसले, पण चिडवलं कोणी नाही. हे ज्याच्या हातून झालं नाही असा माणूस त्या क्लबात नाही.

वाटीतल्या त्या चिमूटभर दारूला जुन्या मराठीत एक शब्द आहे: रंजक. रंजक पेटते, तिची ठिणगी कानातून आत जाते आणि नळीतला खरा बार उडतो. आत बार नसेल तर रंजक नुसतीच भपकते. उजेड होतो, धूर होतो, बघणारा दचकतो, पण गोळी जागची हलत नाही.

आज आपण मराठी मुलं ज्याला 'आपला इतिहास' म्हणतो, तो असा आहे. नुसती रंजक.

हे वाक्य वाचून कोणाचं रक्त तापलं असेल तर बरंच आहे. मीही त्यातलाच होतो. माझ्याही व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवर चार वर्षं तलवार होती. रीलमध्ये तलवार, गाडीच्या मागच्या काचेवर तलवार, वाढदिवसाचा केक कापायलाही तलवार. सिनेमात तर तलवार उपसली की मागे ज्वाळा उठल्याच पाहिजेत. आणि ज्या शस्त्राने सतराव्या-अठराव्या शतकातल्या या मुलखाचं नशीब इतक्यांदा फिरवलं, ते कुठेच नाही. चाकणच्या संग्रामदुर्गाचा बुरूज १६६० साली पडला तो सुरुंगाने. बुराडी घाटावर जानेवारी १७६० मध्ये दत्ताजी शिंदे कोसळले ते गोळी लागून. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला विश्वासराव पडले तेही गोळीनेच. दत्ताजींचं शेवटचं उत्तर आपल्याला झोपेतही पाठ आहे. ती गोळी कशा बंदुकीतून आली, ती भरायला किती वेळ लागे, तिचा पल्ला किती, हे शंभरातल्या एकाला तरी सांगता येईल का? हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. तलवारीच्या गोष्टीत शूर माणूस हवा तितका मोठा करता येतो. बंदुकीच्या गोष्टीत गणित येतं, कारखाना येतो, पाऊस येतो, ओली दारू येते.

आणि भीती येते. माझा मुद्दा इथेच आहे.

जुनी बंदूक दुरुस्तीला घेतली की पहिलं काम पुसायचं नसतं, मोजायचं असतं. लाकडी काठी नळीत तळापर्यंत सोडायची, तोंडाशी खूण करायची आणि तीच काठी बाहेरून नळीला लावायची. खूण तोंडाशी धरल्यावर काठीचं दुसरं टोक कानापर्यंत पोचलं नाही तर समजायचं की आत काहीतरी आहे. दीडशे वर्षं भिंतीवर टांगलेल्या बंदुकाही भरलेल्या निघतात. अमेरिकन यादवी युद्धात, १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर, रणांगणावरून हजारो बंदुका गोळा केल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी भरलेल्याच होत्या, आणि काहींत तर एकावर एक अनेक बार ठासलेले होते. आता कल्पना करा. कान बधिर झालेत, धुरात पुढचं दिसत नाही. पोरगा केप लावायला विसरतो, किंवा केप उडते पण बार उडत नाही. ते त्याच्या ध्यानातही येत नाही. तो पुन्हा दारू ओततो, पुन्हा गोळी ठासतो. कवायतीत शिकवलेलं हात करत राहतात, डोकं केव्हाच थांबलेलं असतं. कोणत्याही शौर्यगीतात हा पोरगा सापडणार नाही. तो सापडतो नळीत.

ही माणसं शनिवार-रविवार काय करतात ते म्हणूनच नीट पाहण्यासारखं आहे. 'अमेरिकन आणि त्यांचं बंदुकीचं वेड' हे वाक्य तोंडातून निघायच्या आधी पाहावं. काळ्या दारूचा मामला फार हळू चालतो. सोरा, गंधक आणि कोळसा. जळल्यावर तिचं निम्म्याहून अधिक वजन वायू न होता घनच राहतं. काही धूर होऊन उडतं, काही काजळी होऊन नळीत चिकटतं. ही काजळी हवेतलं पाणी ओढते, म्हणून त्याच संध्याकाळी नळी गरम पाण्याने धुवावी लागते. आळस केला तर सकाळी गंज. गंज काढायचा तोही सॅंडपेपरने नाही. तेल लावून, थांबून, हळूहळू. लाकडावरचा चरा, पितळेवरचा काळेपणा, कोणीतरी दस्त्यावर कोरलेली दोन अक्षरं यांना हात लावायचा नाही. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ही लॉग फाइल आहे. ती पुसून सर्व्हर चकचकीत करणाऱ्याला आम्ही नोकरीवरून काढतो. आपल्याकडे ज्या उत्साहाने जुन्या तोफांना काळा ऑइलपेंट फासला जातो, तो पाहिला की मला हेच आठवतं.

फौजी पुस्तकांत मिनिटाला तीन बार असं लिहिलेलं असतं. मला शांत दुपारी, अंगावर कोणी येत नसताना, पहिला बार भरायला तीन मिनिटं लागली. त्या दिवसापासून 'आपण तेव्हा असं करायला हवं होतं' असं पानिपतावर बोलताना माझी जीभ जरा अडखळते. या छंदाने मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच असावी.

मराठीत 'ठासून सांगणे' म्हणतात. लग्नाचा 'बार उडवून' देतात. आश्वासन 'फुसका बार' निघतं. ही सगळी भाषा ज्या लोकांच्या हातांना दारूचा वास होता त्यांनी घडवली. जामगी, तोडा, रंजक, गज, जेजाला, सुतरनाळ, बरकंदाज, गारदी. यातले किती शब्द आपल्याला येतात? रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' गडाची व्यवस्था सांगताना दारूखाना वस्तीपासून दूर असावा याचीही काळजी घेतं. ते राज्य चालवणाऱ्यांना दारू ही रोजची, धोक्याची, हिशेबात धरायची वस्तू होती. आपण त्यांची फक्त आरोळी उचलली. आज आपण इतिहास ठासून सांगतो तो आयुष्यात काहीही न ठासता.

आता माझ्या घरचं. दुसऱ्याकडे बोट दाखवून झालं की आपल्याकडे यावंच लागतं.

सिंधुदुर्गात आमच्या घरी ठासणीची बंदूक होती. संग्रहातली नाही, कामाची. शेती संरक्षणाचा परवाना आजोबांच्या नावावर. भात तयार झालं की रानडुकरं यायची, काजूच्या दिवसांत माकडं. आजोबा माळ्यावरून बंदूक काढायचे, म्हशीच्या शिंगातून दारू मोजून ओतायचे, चिंदी, छर्रे, वर पुन्हा चिंदी, आणि शेवटी केप. मी शेजारी बसलेला असायचो. "आदी दारू, मगे छर्रे," ते म्हणायचे, "इसारलंस तर डुकर हसतलो तुका." वीस वर्षांनी ओहायोत मी नेमका तेच विसरलो.

दर निवडणुकीला ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निवडणूक झाली की आजोबा ती घेऊन यायचे. अशाच एका निवडणुकीत जमा झाली आणि त्याच महिन्यात आजोबा गेले. वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. बाबा म्हणाले, "कशाला ती ब्याद?" मी बारावीत होतो, सीईटी तोंडावर होती. मी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. जमा केलेलं शस्त्र मुदतीत सोडवलं नाही तर ते सरकारजमा होतं. आमचं झालं. तिचा एक फोटो नाही. नळीवर कोणाचं नाव होतं, कोणत्या गावी ती बनली होती, आजोबांच्या आधी ती कोणाची होती, काही माहीत नाही. त्याच वर्षी मी डीपीला तलवार लावली.

म्हणून 'सरकार काही करत नाही' हा सूर मला सोयीचा वाटतो. 'आपल्याकडे कायदाच कडक आहे' हाही. कायदा कडक आहे आणि असावा. पण १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये, जे जुन्या बनावटीचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं शस्त्र दुरुस्त करूनही चालवता येणार नाही, ते कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलं आहे. चालू शकणाऱ्याला परवाना लागतो. अमेरिकेतही काही अपवाद सोडले तर माझ्यासारख्या व्हिसावाल्याला आधुनिक बंदूक बाळगता येत नाही. १८९८ किंवा त्याआधीची बंदूक तिथल्या संघीय कायद्याच्या 'फायरआर्म'च्या व्याख्येतच बसत नाही, म्हणून मी या छंदात आहे. राज्याराज्यांचे नियम आणखी वेगळे.

आणि जपान पाहा. बंदुकीच्या बाबतीत इतका कडक देश शोधून सापडणार नाही. पण १५४३ साली पोर्तुगिजांबरोबर तानेगाशिमा बेटावर पोचलेली तोड्याची बंदूक त्यांनी मरू दिली नाही. जुन्या बंदुकांची नोंदणी होते, चिलखतं घालून हौशी पथकं उत्सवांत बार उडवतात. तोंडाकडून भरायच्या बंदुकांच्या जागतिक स्पर्धांत तर या जपानी बंदुकीसाठी स्वतंत्र प्रकार आहे, त्याचं नावच 'तानेगाशिमा'. इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप नावाच्या चिमुकल्या गावात १९३३ पासूनची अमेरिकन संघटना आपली मैदानं राखून आहे. आपली तोड्याची बंदूकही त्याच कुळातली, तितकीच देखणी. ती काचेमागे पडून आहे आणि तिच्याखालच्या पाटीवर तीन शब्द असतात: 'जुनी बंदूक, लोखंड'.

माझे पुरोगामी मित्र म्हणतात, हे शस्त्रांचं उदात्तीकरण आहे. मला नेमकं उलटं दिसतं. उदात्तीकरण लांबून होतं. जी वस्तू आपण धुतो, जिने आपला अंगठा भाजलाय, जी दहात दोनदा ऐनवेळी दगा देते, तिची पूजा करणं अवघड जातं. दसऱ्याला हळदकुंकू वाहायला माझी ना नाही, पण वर्षातले बाकीचे ३६४ दिवस तिला तेल कोण लावतो?

अमेरिकन छंदिष्ट काही संत नाहीत. आमच्याच मैदानावर दक्षिणेच्या करड्या गणवेशात येणारे लोक आहेत. त्यांना बंदुकीच्या प्रत्येक स्क्रूचा इतिहास तोंडपाठ असतो, आणि ते युद्ध गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलं गेलं एवढं एकच वाक्य घशात अडकतं. म्हणजे नुसती वस्तू हाताळून शहाणपण येत नाही. पण त्यांच्याशी वाद घालताना निदान दोघांच्या मधे टेबलावर एक खरी वस्तू असते. आपले वाद हवेत चालतात.

म्हणून फार मोठं काही मागत नाही. कोकणात, घाटावर, कुठेही तुमच्या घरात परवान्याची ठासणी असेल, तर ती 'ब्याद' म्हणून सोडण्याआधी वारसाचा परवाना मिळतो का ते विचारा. सोडायचीच असेल तर आधी फोटो काढा. नळीची लांबी मोजा, तिच्यावरची अक्षरं उतरवून घ्या. ती भरणारा म्हातारा जिवंत असेल तर मोबाइलवर त्याचं बोलणं रेकॉर्ड करा, त्याच्याच बोलीत. बार मात्र उडवून पाहू नका. जुनी नळी आतून खाल्लेली असते, हाताची बोटं जातात. संग्रहालयात गेलात तर पाटीवरच्या तीन शब्दांच्या पुढचं विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर अभिप्राय वहीत तसं लिहून या. डीपीवर तलवार ठेवा हवी तर. पण नळीत काहीतरी भरा.

आमच्या घरी मागे राहिलं ते दारूचं शिंग. गेल्या महिन्यात माळा साफ करताना आईला सापडलं. तिने व्हिडिओ कॉलवर दाखवलं. बूच गेलेलं, कडेला वाळवीने खाल्लेली दोरी. तोंडाजवळ आजोबांच्या अंगठ्याने घासून गुळगुळीत झालेली जागा अजून तशीच आहे. "धुऊन, उन्हात वाळवून ठेवू?" आईने विचारलं.

"धुऊ नको," मी म्हटलं. "ऊन पण नको, तडा जाईल. आत दारू आहे का तेवढं बघ, आणि चुलीपासून लांब ठेव. डिसेंबरात येतोय मी."