दवाखान्याच्या वेळा कष्टकऱ्यांच्या वेळेशी जुळवा

प्रति,
मा. आयुक्त,
सोलापूर महानगरपालिका, सोलापूर.

विषय : शहरातील नागरी आरोग्य केंद्रांत नंबर, वेळ, औषधे आणि पुढील उपचार यांबाबत रुग्णांची होणारी परवड थांबवण्याबाबत.

महोदय,

शहराच्या पूर्व भागात अनेक बायकांचा दिवस विड्यांनी सुरू होतो. आदल्या दिवशी वळलेल्या विड्या मोजायच्या, जुड्या बांधायच्या, टोपलीत घालून कारखान्याच्या शाखेत न्यायच्या. तिथे रांग. विड्या हाताळून तपासल्या जातात, छाट बाजूला निघते, उरलेल्यांची मजुरी मांडली जाते आणि पुढच्या कामासाठी पान-तंबाखू पदरात पडतो. या रांगेतून बाई मोकळी होईपर्यंत सकाळची ओपीडी उठण्याच्या बेताला आलेली असते. यंत्रमागावर चादरी-टॉवेल विणणाऱ्या कामगाराची गतही तीच. बारा तासांची पाळी सुटल्यावर त्याला सरकारी डॉक्टर भेटण्याची शक्यता फारशी उरत नाही. निवेदनकर्त्यांची मुख्य तक्रार एवढीच आहे : सोलापुरात डॉक्टर ज्या वेळेत भेटतो, त्या वेळेत कामकरी माणूस मोकळा नसतो.

ज्याला रजा टाकणे परवडते त्यालाही नंबर सहज मिळतो असे नाही. दवाखाना उघडण्याआधीच पायरीवर चपलांची रांग लागते, एकेक जोड म्हणजे एकेका घरचा नंबर. पुढे वही उघडते, नावे चढतात, तरी आपला नंबर नेमका कधी येणार हे कोणीच सांगत नाही. मधूनच कोणी ओळखीचा थेट आत जातो. पाय सुजलेली आजी लघवीला उठली तर परत येईस्तोवर तिच्या नावाचा पुकारा होऊन गेलेला असतो आणि तिला पुन्हा शेवटी बसावे लागते. डॉक्टर बैठकीला किंवा शिबिराला गेले आहेत, हे दोन तास थांबल्यावर कळते. ज्यांचा दिवस हजार विड्यांवर मोजला जातो त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते, आणि आजार अजून तपासायचाच असतो. मग माणूस औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या घेऊन घरी जातो. ताप उतरला तर ठीक, नाही उतरला तर तो थेट सिव्हिल रुग्णालयाच्या अपघात विभागातच दिसतो.

यात केंद्रातल्या डॉक्टरांवर आणि परिचारिकांवर दोष ढकलण्याचा हेतू नाही. लसीकरण, सर्वेक्षण, शिबिरे, बैठका आणि संगणकावरच्या नोंदी ही सगळी कामे त्याच चार माणसांच्या अंगावर आहेत. दुरुस्ती व्यवस्थेत हवी आहे, आणि त्यासाठी लागणारे निकष सरकारने फार पूर्वीच लिहून ठेवले आहेत.

राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान 2013 मध्ये सुरू झाले. साधारण 50 हजार लोकसंख्येला एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, ते शक्यतो झोपडपट्टीत किंवा तिच्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत, आणि ओपीडी शक्यतो दुपारी 12 ते रात्री 8 अशी त्याची आखणी आहे. संध्याकाळच्या ओपीडीचा आग्रह धरण्यामागे रोजंदारीवरचा माणूसच होता. 2011 च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या 9 लाख 51 हजार 558 होती, म्हणजे त्या वर्षीच्या आकड्यालाही 19 केंद्रे लागतात. त्यानंतर शहर किती पसरले हे जुळे सोलापुरात आणि 1992 च्या हद्दवाढीत आलेल्या शेळगी, बाळे, सोरेगाव या भागांत फिरले की दिसते. प्रत्येक भागातील आजची लोकसंख्या, तिथले केंद्र आणि त्या केंद्रातील भरलेली व रिक्त पदे यांचा तक्ता महापालिकेने जाहीर करावा, अशी निवेदनकर्त्यांची मागणी आहे. हा तक्ता समोर असल्याखेरीज कोणत्या वस्तीला डॉक्टर नाही हे ठरवता येणार नाही.

संध्याकाळी दवाखाना चालवणे अशक्य आहे, हे उत्तर आता चालणार नाही. 1 मे 2023 रोजी राज्य सरकारने ठिकठिकाणी ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’ सुरू केला, तो दुपारी 2 ते रात्री 10 या वेळेसाठीच. जे तिथे ठरवता आले ते महापालिकेच्या केंद्रांतही ठरवता येईल. पहिल्या टप्प्यात विडी आणि यंत्रमाग कामगारांची दाट वस्ती असलेल्या भागांतील केंद्रे आठवड्यातून किमान चार दिवस रात्री 8 पर्यंत उघडी ठेवावीत. रविवारी शहरातील बहुतेक खासगी दवाखाने बंद असतात. निदान त्या दिवशी प्रत्येक विभागात एक तरी केंद्र सुरू राहावे, आणि इंडियन मेडिकल असोसिएशन व निमा या डॉक्टरांच्या संघटनांच्या सोलापूर शाखांशी बोलून खासगी डॉक्टरांची रविवारची पाळी ठरवून ती वर्तमानपत्रांत छापावी.

नंबराची अडचण सोलापूरपुरती नाही. इंग्लंडमध्ये दवाखान्याच्या फोनवर सकाळी 8 वाजता अशी झुंबड उडते की नंबर लागेपर्यंत त्या दिवसाच्या भेटी संपलेल्या असतात, आणि ‘उद्या पुन्हा फोन करा’ हेच उत्तर वर्षानुवर्षे मिळत आले. अखेर 2023 मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या करारातच बदल झाला : पहिल्याच संपर्कात रुग्णाची गरज जोखायची किंवा त्याला योग्य ठिकाणी पाठवायचे, नुसते उद्या या म्हणून परत पाठवायचे नाही. त्याने तिथले सगळे प्रश्न सुटले असा दावा नाही. मात्र रुग्णाला परत पाठवणे हीच चूक आहे, एवढे तिथे लेखी मान्य झाले. सोलापूर महापालिकेनेही ते लेखी मान्य करावे. केंद्रात आलेल्या प्रत्येकाला क्रमांक आणि अंदाजे वेळ लिहिलेली चिठ्ठी मिळावी. आल्याबरोबर परिचारिकेने ताप, रक्तदाब आणि श्वास तपासून तातडीचा रुग्ण वेगळा काढावा. निम्मे नंबर त्याच दिवशी आलेल्यांसाठी राखून बाकीचे फोनवर द्यावेत. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना मोबाईल ॲपची सक्ती नको. वृद्ध, गरोदर आणि अपंग रुग्णांची वेगळी रांग कागदावर असून भागत नाही, पुकारा करणाऱ्याने ती पाळली पाहिजे. डॉक्टर नसतील तर ते सकाळी दारावरच लिहिलेले असावे आणि बदली डॉक्टरांचे नावही सोबत असावे.

औषधांबद्दल थोडे सविस्तर. रक्तदाब आणि मधुमेहाचा रुग्ण केवळ गोळ्यांसाठी पुन्हा पुन्हा रांगेत उभा राहतो. चार दिवसांच्या गोळ्या हातात पडल्या तर पाचव्या दिवशी पुन्हा केसपेपर, पुन्हा तीच ओळ. त्यामुळे रांग वाढते आणि कंटाळून गोळ्या सुटतात. गोळ्या सुटलेल्या माणसाला पुढे लकवा होतो किंवा त्याच्या किडनीवर येते, आणि तेव्हा घर विकायची पाळी येते. कोरोनाच्या काळात, एप्रिल 2020 मध्ये, केंद्र सरकारनेच सूचना दिली होती की अशा जुन्या रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतची औषधे द्यावीत. तेव्हा जे सुरक्षित होते ते आजही आहे. ज्यांचा रक्तदाब किंवा साखर आटोक्यात आहे त्यांना एका वेळी किमान दोन महिन्यांच्या गोळ्या मिळाव्यात आणि त्यांच्यासाठी वेगळी खिडकी असावी. कोणते औषध संपले आहे याचा फलक रोज बदलावा.

या शहराचे काही आजार शहराच्या रचनेतूनच येतात. नळाला पाणी काही दिवसांआड येते, म्हणून घरोघरी पिंपे भरून ठेवावी लागतात, आणि साठवलेल्या पाण्यात डेंगीचे डास वाढतात. लोकांनी कोरडा दिवस पाळावा हे सांगणे बरोबर आहे, पण पाणीपुरवठ्याची ही अवस्था असेपर्यंत तापाच्या रुग्णाला त्याच दिवशी रक्ततपासणी मिळणे ही महापालिकेचीच जबाबदारी ठरते. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत प्रत्येक केंद्रात रोज रक्तनमुने घेतले जावेत आणि अहवाल दुसऱ्या दिवशी रुग्णाच्या हातात यावा. तंबाखूच्या धुळीत वर्षानुवर्षे बसणाऱ्या बायकांचा खोकला, दमा आणि पाठदुखी यांसाठी पूर्व भागातल्या केंद्रांत आठवड्यातून एक ठरलेला दिवस असावा.

तिथेच भाषेचाही प्रश्न आहे. पूर्व भागातल्या कितीतरी आजी तेलुगूतच मोकळेपणाने बोलतात. शहरात कन्नड आणि उर्दू बोलणारी घरेही मोठ्या संख्येने आहेत. छातीत नेमके काय होते हे दोन शब्दांत कसेबसे सांगणारी बाई आणि आपल्या भाषेत सविस्तर सांगणारी बाई, यांत निदानाचा फरक पडतो. आशा कार्यकर्त्या आणि परिचारिका नेमताना वस्तीची भाषा पाहावी, आणि नंबरचा पुकारा व औषधाच्या सूचना त्या भाषेत असाव्यात.

केंद्रातून रुग्णाला सिव्हिलला, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, पाठवले जाते तेव्हा हातात एक चिठ्ठी असते आणि पुढे पुन्हा पहिल्यापासून सगळे सुरू होते. या रुग्णालयावर साऱ्या जिल्ह्याचा, शेजारच्या धाराशिवचा आणि कर्नाटकातल्या सीमाभागाचाही भार आहे. केंद्राने फोनवरून तिथल्या संबंधित विभागात रुग्णाचा दिवस ठरवून द्यावा, आणि तपासणीनंतरचा कागद परत केंद्रात यावा, यासाठी महापालिकेने तिथल्या अधिष्ठात्यांशी लेखी व्यवस्था करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मुख्यतः भरती झालेल्या रुग्णाला मिळतो. ओपीडीतल्या फेऱ्यांचा खर्च घरच्यांनाच सोसावा लागतो.

कुंभारीचा प्रश्न महापालिकेच्या हद्दीबाहेरचा आहे, तरीही तो इथे मांडावा लागतो. 2006 मध्ये तिथे विडी कामगार महिलांना 10 हजार घरे मिळाली. 19 जानेवारी 2024 रोजी तिथल्याच रे नगरातील 15 हजार घरांचे वाटप पंतप्रधानांच्या हस्ते झाले. घरटी चार माणसे धरली तर 25 हजार घरांची वस्ती एक लाखाची होते. ग्रामीण भागात 30 हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे, त्या हिशेबाने इथे तीन लागतात. हीच माणसे कामासाठी आणि उपचारासाठी सोलापुरात येतात. आयुक्तांनी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांसोबत बैठक घेऊन या वस्तीचा आरोग्य आराखडा ठरवावा. विडी कामगारांसाठी केंद्र सरकारचे वेगळे दवाखाने आहेत. त्यांचा खर्च 1976 च्या कायद्याने विडीवर लावलेल्या उपकरातून चालत असे, आणि वस्तू व सेवा कर आल्यावर 2017 मध्ये तो उपकर रद्द झाला. उपकर गेला म्हणून उपचार जाऊ नयेत. या दवाखान्यांतील डॉक्टर आणि औषधे यांची स्थिती केंद्रीय श्रम मंत्रालयाला महापालिकेनेही कळवावी.

हे सगळे मेहरबानी म्हणून मागितलेले नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम 63 रुग्णालये आणि दवाखाने चालवणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य मानते. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये स्पष्ट केले की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला कोलकात्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवले होते. पैशांची अडचण हे कारण न्यायालयाने मान्य केले नाही.

तरी आयुक्तांनी या निवेदनावर 30 दिवसांत लेखी उत्तर द्यावे, निवेदनकर्त्यांच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी, आणि त्या बैठकीला आरोग्य अधिकाऱ्यांसोबत पूर्व भागातील दोन केंद्रांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनाही बोलवावे. बैठक संध्याकाळी 6 नंतर ठेवावी, म्हणजे विडी आणि यंत्रमाग कामगारांना मजुरी न बुडवता येता येईल.

कळावे,

सोलापूर शहरातील रुग्ण व त्यांचे कुटुंबीय

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, सोलापूर; मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, सोलापूर; मा. अधिष्ठाता, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सोलापूर.