स्वस्त म्हणजे अपरिग्रह नव्हे



गेल्या चातुर्मासात आमच्या सासूबाईंना पोथीतलं बारीक अक्षर दिसेना. ऑपरेशन झालं, चष्मा बदलला, तरी टीपा वाचता येईनात. चाळीस वर्षांचा स्वाध्याय सुटतो की काय, या विचारानं त्या गप्प गप्प राहू लागल्या. मग घरात ठरलं, अक्षर मोठं करून वाचता येईल असा छोटा टॅबलेट घ्यायचा. आणि लगेच निकालही लागला, "वाचायलाच तर हवाय, सगळ्यात स्वस्त घ्या. आपण अपरिग्रह मानतो ना!"

आला स्वस्तातला. पान उलटेपर्यंत णमोकार मंत्र म्हणून व्हायचा. सहा महिन्यांत बॅटरी बसली. आता तो कपाटात जुन्या चार्जरांशेजारी पडून आहे, आणि आम्ही दुसरा घेतलाय. एकाच्या जागी दोन वस्तू झाल्या. हाच का अपरिग्रह?

माझं भांडण इथेच आहे. घरातल्या पुरुषांचा मोबाईल बदलताना हा शब्द कोणाला आठवत नाही. बाईच्या वाचनाची वस्तू आली की मात्र व्रत आठवतं! परिग्रह-परिमाण म्हणजे वस्तूंना मर्यादा. एकच घ्यावी, नीट बघून घ्यावी, खूप वर्षं वापरावी. वर्षभरात फेकावी लागणारी वस्तू कितीही स्वस्त असली तरी तो कचराच. त्यातल्या बॅटरीचं आणि धातूंचं पुढे काय होतं, हा अहिंसेचाही प्रश्न आहे.

किंमत बघून आत काय आहे ते कळत नाही, हे आपल्या देशानं एकदा अनुभवलंय. ५ ऑक्टोबर २०११ ला विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' टॅबलेट आला. सरकारला तो सुमारे २,२५० रुपयांना पडत होता. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, आणि बोटानं दाबल्याशिवाय न ऐकणारा पडदा. पुढच्याच वर्षी मुंबईच्या आयआयटीच्या देखरेखीखाली 'आकाश-२' आला. किंमत जवळपास तीच, पण प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा, रॅम दुप्पट आणि पडदा हलक्या स्पर्शाला चालणारा. तेवढ्याच पैशात वेगळी वस्तू मिळाली, कारण कोणीतरी आत डोकावून बघितलं. भाजी घेताना आपण भेंडी मोडून बघतो. मग इथे का लाजायचं?

तेव्हा दुकानात जाऊन हे विचारा. रॅम खरी किती? '८ जीबी' असं छापून त्यातली अर्धी साठवणुकीतून उसनी घेतलेली असते. खरी ४ जीबी असली की वाचनाला पुरे. साठवण ६४ जीबी आणि मेमरी कार्डाची जागा असावी. सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार? सेटिंगमध्ये शेवटच्या अपडेटची तारीख दिसते, ती तिथेच उघडायला लावा. दुरुस्ती जवळ कुठे होते? आसेगावसारख्या ठिकाणी राहणाऱ्या आपल्याला हा प्रश्न सगळ्यात महाग पडतो. वाय-फाय नसेल तर सिमकार्डवाला घ्या.

आणि आकार. आपले बरेच ग्रंथ स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये असतात, म्हणजे पानाचा फोटोच. त्यात अक्षर मोठं करायचं तर पान डावीकडे-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. म्हणून सात इंची नको, किमान आठ इंची घ्या. पानाच्या कडा कापून दाखवणारं वाचनाचं अ‍ॅप घेतलं की अक्षर आपोआप मोठं होतं.

आता घेतल्यानंतरचं काम. नवा टॅबलेट म्हणजे न निवडलेलं धान्य. आधी खडे काढा. खेळ, बातम्या, खरेदीची अ‍ॅप काढून टाका, जी निघत नाहीत ती सेटिंगमधून बंद करा. सूचनांचे आवाज बंद करा. अक्षर आणि चिन्हं मोठी करा. मराठी भाषा आणि मराठी कीबोर्ड लावा. पडद्यावर तीनच चिन्हं ठेवा: ग्रंथ, प्रवचन, घरच्यांचा व्हिडिओ कॉल. डोळे थकले की मराठीत वाचून दाखवण्याची सोयही त्यात आहे, ती सुरू करा. पण ती स्कॅन केलेल्या पानांवर चालत नाही, टाईप केलेला मजकूर लागतो. हे सगळं नातवाकडून करून घेऊ नका, त्याला शेजारी बसवून स्वतःच्या बोटानं करा. नाहीतर दर आठवड्याला "अरे, जरा बघ ना" म्हणायची पाळी येते. पासवर्डही तुमचाच.

काही जणी म्हणतील, शास्त्र का पडद्यावर वाचायचं? सामायिकात आणि मंदिरात तो नकोच, हे मलाही मान्य. पण एकेकाळी शास्त्रं छापायलाही आपल्यातच विरोध होता. मूडबिद्रीच्या ताडपत्रांत जपलेली धवला टीका आपल्या अमरावतीहून, डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून छापून निघाली, म्हणून ती घराघरांत पोचू शकली. ताडपत्र, कागद, पडदा ही सगळी भांडी. आत काय वाढलंय ते महत्त्वाचं.

सासूबाई आता रोज सकाळी दोन पानं वाचतात, अक्षर बोराएवढं करून. परवा मला म्हणाल्या, "हे आधीच नीट घेतलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते गं."

ते सहा महिने कोणत्याही सवलतीत परत मिळत नाहीत. तुमच्या घरी "सगळ्यात स्वस्त घ्या" असं कोणी म्हणालं, तर हे त्यांना वाचून दाखवा.