हेल्परच्या डोळ्यालाही काच हवी



कर्जतहून कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाताना कोंदिवड्यापर्यंत रस्त्याच्या कडेला फार्महाऊस दिसतात. त्यांची लोखंडी फाटके, कुंपणाच्या जाळ्या, जिन्यांची रेलिंग, शेडचे सांगाडे हे सगळे कुणीतरी वेल्डिंग करून जोडलेले असते. तिकडे खोपोली-खालापूरच्या कारखान्यांतही तेच काम चालते. या कामावर आपल्या बौद्धवाड्यांतली बरीच मुले जातात. पहिली काही वर्षे ती वेल्डर म्हणून नाही, हेल्पर म्हणून जातात.

नर्सिंगच्या नोकरीत आम्ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. रात्री अकरा-बाराला आई मुलाचा हात धरून दवाखान्यात यायची. त्याला डोळे उघडता येत नसत, पाणी थांबत नसे, डोळ्यांत वाळू भरल्यासारखे टोचत असे. विचारले की उत्तर ठरलेले, "सिस्टर, वेल्डिंग लागलंय." आम्ही डोळे धुवायचो, डॉक्टर औषध लिहून द्यायचे, मुलगा घरी जायचा. एक प्रश्न मात्र आम्ही बरीच वर्षे विचारलाच नाही : वेल्डिंग तू करत होतास का? विचारायला लागलो तेव्हा कळले, यातले कितीतरी जण हेल्पर होते. वेल्डरच्या हातात काळी काच होती. अँगल धरून समोर बसलेल्या पोराने फक्त मान फिरवली होती. आम्ही डोळे पाहिले, काम पाहिले नाही. ही चूक आमची होती.

मान फिरवून भागत नाही. आर्कच्या उजेडात अतिनील किरणे असतात. ती बाजूने येतात, पत्र्यावरून, भिंतीवरून परावर्तित होऊन येतात. लागताना काही कळत नाही. सहा ते बारा तासांनी डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा सोलवटल्यासारखा होतो. म्हणून काम दुपारी आणि दुखणे रात्री. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते. पण पुन्हा पुन्हा लागू देणे धोक्याचे आहे.

अशा रात्री थंड स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत, मिटलेल्या पापण्यांवर ओली घडी ठेवावी, अंधारात पडावे, डोळे चोळू नयेत. दूध, मध, बटाट्याचा रस, टूथपेस्ट काहीही घालू नये. मेडिकलमधून बधिर करणारे थेंब मागून आणू नयेत. दुखणे थांबते, पण ते वारंवार घातल्याने पडदा खराब होऊन नजर जाऊ शकते. एका दिवसात उतार पडला नाही, अंधुक दिसू लागले किंवा ग्राइंडरचा कण उडाला असेल, तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. काडीने कण काढणाऱ्या दोस्ताकडे नाही.

डोळ्याचे दुखणे निदान दिसते. धुराचे दिसत नाही. साध्या लोखंडावर रॉडने काम करा, मिग मशीनने करा, धूर होतोच आणि त्यात मँगनीज असते. स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगच्या धुरात क्रोमियम आणि निकेल असते. जीआय पाइप किंवा पत्रा जोडताना जस्ताचा पांढरा धूर निघतो. त्याने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते. पावसाळ्यात आपण त्याला मलेरिया समजतो. ताप आला तर रक्त तपासावेच, पण त्या दिवशी जीआयचे काम केले होते, हे डॉक्टरांना सांगावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकले. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत.

आणि यावर वर्कशॉपमध्ये उपाय काय, तर गुळाचा खडा! गूळ खाल्ला की छाती साफ होते, असे शेठही सांगतो आणि पोरेही मानतात. गूळ पोटात जातो, धूर फुप्फुसात. दोघांची गाठ पडत नाही. तोंडाला बांधलेला रुमालही हा बारीक धूर अडवत नाही. काम उघड्यावर किंवा वाऱ्याच्या बाजूला पाठ करून करावे, बंद खोलीत धूर खेचणारा पंखा हवा, आणि मास्क निदान एन-९५ हवा. टाकीच्या आत मिग किंवा टिगचा गॅस साचला तर माणूस गुदमरून मरतो. तिथे एकट्याला उतरवू नये. डिझेल-ऑइलचा रिकामा ड्रम कधीही वेल्ड करू नये, आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो. पावसात ओल्या हातमोज्यांनी होल्डर धरू नये.

हे वाचून कुणी म्हणेल, मग मुलाला या कामाला पाठवूच नये. आम्ही तसे म्हणत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. कारण काय, तर तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, मग विटाळ होतो! कसबाच्या कामाचे दार बंद असणे म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांना माहीत आहे. वेल्डिंग हे कसबाचे काम आहे. आठवी पास मुलालाही आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स करता येतो. मुलाने हे काम जरूर शिकावे. पण डोळे आणि छाती ही शिकण्याची फी नव्हे.

म्हणून आमचे मागणे दोनच गोष्टींचे आहे. पहिली काच. वेल्डरला एक आणि हेल्परला एक. आर्कच्या कामाला दहा ते बारा नंबरची काच लागते; जत्रेतला काळा गॉगल चालत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने डोळ्यांचे संरक्षण देण्याची जबाबदारी मालकावर टाकली. त्यात जवळ उभ्या असलेल्यांसाठी पडदेही आले.

दुसरी नोंद. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती त्यांच्याच काळातली. पण हजेरीपटावर नावच नसेल, तर कायदा पोरापर्यंत पोहोचत नाही. दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार २१,००० पर्यंत असेल, तर ईएसआय लागू होते. कामगाराचे ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. कामावर इजा होऊन घरी बसावे लागले, तर मजुरीच्या सुमारे ९० टक्के भत्ता मिळतो. पगार झाला की घरातल्या बाईने विचारावे : नाव लागले का? ईएसआयचा नंबर आला का? दोन-चार माणसांच्या वर्कशॉपला ईएसआय नसते, पण अपघाताच्या भरपाईचा हक्क १९२३ च्या कायद्यापासून चालत आला आहे. तिथेही कामाचे दिवस आणि मिळालेले पैसे वहीत लिहून ठेवावेत.

कोंडाण्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर ब्राह्मीत काही अक्षरे कोरलेली आहेत. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, असा त्यांचा अर्थ लावतात. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. दोन हजार वर्षांपूर्वी शिकणाऱ्याचे नाव दगडात कोरले गेले. आज त्याच डोंगराखाली गुरूजवळ बसून शिकणाऱ्या आपल्या पोराचे नाव साध्या हजेरीपटावर नाही.

पुढच्या वेळी लेणी पाहायला जाल तेव्हा ती अक्षरे मुलांना दाखवा. आणि परत येताना वाटेतल्या वर्कशॉपसमोर थांबून एवढेच पाहा : काचा किती आहेत आणि माणसे किती.